गच्चीच्या कुलपाची तिसरी किल्ली

अक्का, त्या कुलपाला तीन किल्ल्या होत्या.

तुला मी दोन दिल्या. तिसरी माझ्याकडे राहिली. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, घरात नाही की बाहेर नाही. दुकानदाराने तारेत ओवलेल्या तिन्ही किल्ल्या पुढे केल्या आणि मी तिथेच पायरीवर उभ्या उभ्या एक सोडवून शर्टाच्या खिशात टाकली. असोसिएशनच्या सेक्रेटरीकडे एक असावी, असं काहीतरी मनाशी म्हटलं असेन. तसं होतं तर तुला सांगायला काय हरकत होती? तू विचारलंस, "दोनच कां रे, चीनू?" मी म्हणालो, "दोनच येतात, अक्का." तू मान हलवलीस. माझ्या शब्दावर तू लगेच मान हलवायचीस, तिथेच सगळी अडचण होती.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या असा निरोप आलाय. जन्म, नोकरी, निवृत्ती, मागे कोण, असं त्यांना हवं असणार. ते दुसरं कोणीतरी लिहील. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि माझ्या हातून किल्लीखेरीज दुसरं काही उतरत नाही.

तू आमच्या आत्याबाईंची चुलत नणंद. हे नातं समजावता समजावता ऐकणाऱ्याचं लक्ष उडायचं, म्हणून मी सरळ अक्का म्हणू लागलो आणि तू माझी अक्का झालीस. जुनं घर पाडून बिल्डरने तळमजल्यावर तीन मजले उठवले, तेव्हा तंजावरात फ्लॅट म्हणजे नवलाई होती. "भिंती तुमच्या, मग जमीन कोणाची?" असं माझे सासरे पुन्हा पुन्हा विचारायचे. तू टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त होऊन सगळ्यात वरचं घर घेतलंस, वाऱ्यासाठी. मी पहिल्या मजल्यावर. सगळ्या ब्लॉकात मराठी बोलणारी घरं आपली दोनच.

बिल्डर घरं ताब्यात देऊन जो गेला तो परत दिसला नाही. गच्चीवर वीटचुरा आणि चुना घालून वर तट्टोडू, म्हणजे त्या चपट्या लाल फरश्या, बसवायच्या असतात. त्या त्याने नकाशात बसवल्या होत्या. प्रत्यक्षात नुसतं सिमेंट फिरवलं होतं. सुरुवातीला निभावलं. पुढे गच्चीवर गर्दी होऊ लागली. सगळ्यांची मिळून असलेली टाकी शेवाळली, ती साफ करायला कोणी पुढे होईना, म्हणून ज्याने त्याने आपापली काळी प्लास्टिकची टाकी वर चढवली. मग केबलच्या तारा आल्या. मग कोणाची डिश आली, तिचे पाय ठोकायला सिमेंटात भोकं पडली. ती वर्षंच तशी होती. बाजारात जे नवं येई ते ज्याच्या त्याच्या घरात जाई. सगळ्यांसाठी मिळून एक झाडू आणायचा तर मीटिंग भरवावी लागे. आपल्याकडचा दिवाळीचा पाऊस लागला आणि पाणी तुझ्या स्वयंपाकघरात उतरलं. पुढच्या वर्षी झोपायच्या खोलीत.

मीटिंगा खाली स्कूटर लावायच्या जागेत व्हायच्या. घरून खुर्ची आणायची, बसायचं, खुर्ची घेऊन परत जायचं. तू दर वेळी तोच विषय काढायचीस. तुझ्या थेट खालच्या घरात राहणारा संबंदम, पंपसेटच्या दुकानाचा मालक, पाय ताणून म्हणायचा,

"मॅडम, गच्ची तुमच्या डोक्यावर आहे. माझ्या डोक्यावर तुमची फरशी. ती काही गळत नाही."

"आणि तुमची टाकी कोणाच्या डोक्यावर आहे, संबंदम सार?"

"टाकी काय, म्हणाल तर उद्या काढतो."

"काढा की. आणि तुमच्या घरचे वडाम? ते कुठे वाळतात? माझ्या डोक्यावरच ना?"

लोक हसले. हसले, आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला. चार जण एकदम बोलायला लागले की तू एक्स्चेंजातल्यासारखा हात वर करायचीस. "एकेकाने. लाइन क्रॉस होतेय." तेव्हाही हसायचे. तू उठलीस की तळमजल्यावरच्या विशालम मामीही उठायच्या, स्वतःची खुर्ची आणि तुझीही उचलून. त्या तुला नावाने कमला म्हणायच्या. तुमची दुपारची कॉफी एक दिवस वर, एक दिवस खाली. त्यांच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपायचा नाही, तरी त्यांची पाळी त्या चुकवायच्या नाहीत. भाषा वेगळी, घरं वेगळी, पण तुझ्या लोणच्याच्या बरण्या त्यांच्या फडताळात आणि त्यांचं पितळी सामान तुझ्या माळ्यावर.

आणि मी सेक्रेटरी. बँकेत काउंटरमागे बसून दोन्ही बाजूंना हसून बोलायची सवय लागलेला माणूस. तुला म्हणायचो, "बघतो, अक्का." संबंदमला म्हणायचो, "पाहू, सार." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि एकाही शब्दाला बूड नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तू कुलूप आणायला सांगितलंस. गच्ची नादुरुस्त आहे, दुरुस्त होईपर्यंत बंद, अशी पाटी तू स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावलीस. मी हसलो. मला वाटलं, चार दिवसांचा राग. तुझा हिशेब मला उशिरा कळला. इथे चैत्राच्या उन्हात वडाम घातले नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही. तांदळाचा चीक शिजवायचा, सोऱ्यात भरून जुन्या धोतरावर पिळायचा, खडखडीत वाळला की वर्षभराचा डबा भरायचा. गच्ची गळते तेव्हा ती तुझी होती. वडाम घालायचे तेव्हा ती सगळ्यांची होती. तू नेमकं तिथे बोट ठेवलंस.

एक किल्ली तू कमरेला खोचलीस. दुसरी विशालम मामींना दिलीस. "मी पडले-झडले तर असू दे," म्हणालीस.

काय उन्हाळा होता तो! जिन्यात मला गाठून लोक विचारायचे, "काय सेक्रेटरी सार, वडाम आता तुमच्या बँकेच्या लॉकरात वाळवायचे का?" संबंदमच्या बायकोने फाटकाबाहेर रस्त्यालगत कापड पसरलं, त्यातलं अर्धं शेळीने खाल्लं. ती तणतणत वर आली, तुझ्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलली. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "उन्हातून आलीस, ताक घे." तिने ताक घेतलं. पिऊन झाल्यावर आणखी थोडं बोलली आणि गेली. किल्ली काही तू दिली नाहीस.

मग माझ्या सासूबाई पापनाशमहून आल्या. दरवर्षी यायच्या, लेकीला वडामाला हात लावायला. तांदूळ भिजले होते, सोऱ्या घासून ठेवलेला होता. गच्चीला कुलूप आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं का? मग तुम्ही सेक्रेटरी कशाचे, जावईबापू? जिन्याचे?" बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं, एवढंच. एवढ्यावरून, अक्का. कोणी धाक घातला नाही, कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. घरात एक सकाळ शांततेत जावी आणि त्यात आपलं नाव कुठे येऊ नये, इतकंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी फिरायला निघालो तो खाली न जाता वर गेलो. चपला हातात घेतल्या होत्या. तुझ्या दारावरून जाताना आत रेडिओवर नादस्वर लागलेलं ऐकू येत होतं. कुलूप उघडलं, कडीत तसंच लटकत ठेवलं, दार ढकलून अर्धं उघडं केलं आणि उतरून फिरायला गेलो. लोकांना वाटेल अक्काने माघार घेतली. अक्काला वाटेल... तुला काय वाटेल याचा मी विचारच केला नव्हता. खरं सांगतो, त्या सगळ्या बेतात तू कुठे नव्हतीसच.

परत आलो तेव्हा वरून आवाज येत होते. गच्चीत विशालम मामी सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. त्यांना उघडं दार दिसलं आणि त्यांना वाटलं, कमलाचं मन वळलं. गुडघे धरत त्या पुन्हा खाली गेल्या, चिकाचं पातेलं वर आणलं. कावळ्यांसाठी कोपऱ्यात काळी छत्री उघडून ठेवली. दरवर्षीसारखी दोन धोतरं अंथरली, एक त्यांचं, एक तुझं. आणि वडाम तुझ्या धोतरावर आधी घातले. मागून माझी बायको, सासूबाई, संबंदमची बायको, सगळ्याच आपापली कापडं घेऊन चढल्या होत्या. मी दारात पोचलो तेवढ्यात तू आलीस.

"विशालम."

"ये, ये. बघ, तुझे आधी घातले. मिरची कमी."

"किल्ली कुठे आहे तुझी?"

"किल्ली? घरात. कॉफीच्या डब्यामागे."

"मग हे कोणी उघडलं?"

"उघडंच होतं, कमला. मला वाटलं तूच..."

तू कडीतलं कुलूप हातात घेऊन पाहिलंस. कुठे ओरखडा नव्हता. "फोडलेलं नाही," म्हणालीस. "किल्लीने उघडलंय. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला."

मामींच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. त्यातून चीक एका जागी गळत होता. मग तू माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "ऐकतोस ना, चीनू? उघडंच होतं म्हणते."

तिसरी किल्ली माझ्या खिशात होती. मांडीला तिचा दात टोचत होता. मी म्हणालो, "ऊन चढतंय, अक्का. खाली चल."

मामींना मराठीचं अक्षर कळत नाही. पण तू काय म्हणालीस ते त्यांना कळलं. त्यांनी आपलं धोतर ओल्या वडामांसकट गुंडाळलं आणि उचललं. तुझं तिथेच राहू दिलं. कुलूप तू पुन्हा लावलं नाहीस. त्यानंतर ना त्या कॉफीला वर आल्या, ना तू खाली गेलीस. मामींनी ती किल्ली माझ्या बायकोच्या हाती परत पाठवली. तुझ्या बरण्या दारात आणून ठेवल्या, पुसून. तू त्यांचं पितळी सामान संबंदमच्या पोराबरोबर खाली धाडलंस. मीटिंगांना त्या येईनाशा झाल्या, आणि आता तुझी खुर्ची तूच उचलायचीस.

त्याच संध्याकाळी संबंदम मला फाटकाशी भेटला. खुशीत होता. "सार, खरं सांगू का? आम्ही हरलोच होतो. घरात धड कोणी बोलत नव्हतं माझ्याशी. रविवारी सगळे हो म्हणणार होतो, गच्ची करून टाकू म्हणून. मामीने वाचवलं बघा." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक हसलो असेन. रविवारी मीटिंग झाली आणि गच्चीवर सिमेंटचं पाणी मारायचं ठरलं. ते मारून घेतलं मीच, छत्री धरून उभं राहून. सोमवारी बँकेत जाताना किल्ली कालव्यात टाकली. पहिल्याच पावसाळ्यात सिमेंट तडकलं.

मला कुलूप पटलं नव्हतं, अक्का. अजूनही पटत नाही. सगळ्यांच्या वाटेला एकाने कुलूप घालणं मला बरोबर वाटत नाही, मग तो एक कितीही खरा असो. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तू ऐकलं असतंस, भांडली असतीस, "तू आधी तुझ्या संबंदम सारला कुलूप घाल," असं काहीतरी म्हणाली असतीस, आणि आपण जेवायला बसलो असतो. भांडण मला परवडलं असतं. ते करायच्या ऐवजी मी चपला हातात घेतल्या.

त्यानंतरची वर्षं आठवली की दमायला होतं. दर पावसात तू बादली सरकवायचीस, मी मीटिंग लावायचो, मीटिंगमध्ये पुढची मीटिंग ठरायची. तू पत्रं लिहिलीस, गवंडी बोलावून आणलास, वर्गणीसाठी दारोदार फिरलीस. एका दारापाशी मात्र तू थांबायची नाहीस. त्या दारावरून पुढे जाताना तुझी पावलं जरा जड पडायची. मी मागे असायचो, ते पाहायचो आणि पुढचं दार वाजवायचो.

एक गोष्ट तुला ठाऊक होती की नव्हती, मला कळलं नाही. दर उन्हाळ्यात मामी एक डबा माझ्या बायकोकडे द्यायच्या. "कमलाला दे. माझं नाव काढू नकोस." बायको तो आपल्या डब्यात ओतून वर आणायची. तू तळायचीस, खायचीस. एकदा म्हणालीस, "तुझ्या बायकोचा हात सुधारला रे. मिरची कमी घालते हल्ली." आणि खिडकीबाहेर बघत उरलेला वडाम हातात धरून बसलीस. मी माझ्या ताटलीतला वडाम संपवला.

आणि तू माझ्यासाठी काय केलंस? माझे वडील मद्रासला इस्पितळात होते, तेव्हा ट्रंक कॉल लागता लागत नसे. तू ड्यूटीवर होतीस. भर दुपारी बँकेत फोन आला. "चीनू, वॉर्डातून बोलवून आणलंय त्यांना. घाई करू नकोस, लाइन मी धरून ठेवते." आम्ही बोललो. म्हणजे, ते बोलले. मी हं हं म्हणत होतो. माझ्या तोंडून शब्द फुटेना तेव्हा तू मध्ये येऊन हळूच म्हणालीस, "सांग रे, ऐकतायत ते." मी म्हणालो, "बाबा, मी शनिवारी येतो." शनिवारपर्यंत ते राहिले नाहीत, पण ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं. ते पोचवलंस तू. तेव्हापासून तुझ्यासाठी काहीतरी करायचं माझ्या मनात होतं. केलं ते हे.

इस्पितळात शेवटच्या दुपारी तू बरी वाटत होतीस. बाहेर पाऊस होता. घराची आठवण काढून म्हणालीस, "बादली भरली असेल." मी म्हणालो, रिकामी करून आलोय. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडता म्हणालीस,

"ती म्हणाली ना, दार उघडंच होतं म्हणून."

"कोण, अक्का?"

"विशालम. खरं असेल का रे ते?"

तू माझ्यासाठी लाइन धरून ठेवलीस, अक्का. मी पुन्हा हं हं करत बसलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, संबंदम नव्हता, नर्ससुद्धा नव्हती. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "आता कशाला तो विषय. थोडं ताक घेतेस?" तू मान हलवलीस. हो की नाही, ते मला कळलं नाही. मी ताक आणायला गेलो. आलो तेव्हा तू झोपली होतीस, आणि पहाटे तशीच गेलीस.

तुला घरी आणलं तेव्हा मामी जिना चढून आल्या. शेवटच्या वळणावर थांबल्या. तिथून तुझं दार दिसतं. मी म्हणालो, "या ना, मामी." त्या म्हणाल्या, "तिने बोलावलेलं नाही." कठड्याला धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या, तुला खाली नेईपर्यंत. तू त्यांच्या अंगावरून गेलीस तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि परत घेतला.

गच्चीचं काम या आठवड्यात सुरू झालं. खरंच. दिवाळीच्या पावसात पाणी तुझी फरशी ओलांडून संबंदमच्या दिवाणखान्यात उतरलं, नव्या टीव्हीवर. मीटिंग दहा मिनिटांत आटोपली. टाक्या बाजूला घेतल्या, जुनं सिमेंट फोडलं, वीटचुऱ्याचे ढीग पडलेत, तट्टोडूच्या चळती लागल्यात. तू सांगितलं होतंस तसंच सगळं, तेवढाच चुना, तेवढाच उतार. गवंडी ओल्या थरावर कोणी पाय देऊ नये म्हणून दाराला कुलूप लावा म्हणाला. मी नवीन कुलूप आणलं. त्याच्या सगळ्या किल्ल्या गवंड्याच्या हातात दिल्या आणि खाली येऊन बसलो. येत्या चैत्रात तिथे वडाम वाळतील. मामींनी कोणासाठी दुसरं धोतर अंथरायचं?

हे सगळं मी मराठीत लिहिलं, आपल्या बालबोध अक्षरात. आपल्या ब्लॉकात ही अक्षरं वाचणारी तू होतीस आणि मी आहे. माझी बायको घरात ऐकून ऐकून बोलते, तिलाही वाचता येत नाही. अंक येईल, टेबलावर पडेल, मामी आल्या तर चाळतील आणि चित्रं बघून ठेवून देतील. म्हणजे कबूल करतानाही मी पहाटेचीच वेळ साधली, अक्का, आणि चपलाही हातातच आहेत.

मामी खाली आहेत. गुडघे दुखतात म्हणून दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्या तमिळमध्ये, "दार मी उघडलं होतं" एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.